घरच्या पार्किंगमध्ये टूरिंग बाइकची फेअरिंग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मी माझी होंडा सीबीआर २५० आर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ही गाडी भारतात २०११ मध्ये आली आणि बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाल्यावर विक्रीतून गेली, पण लांबच्या प्रवासाला ती वापरणारे आजही पुष्कळ आहेत. माझ्या गाडीची फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकच्या पॅनलचं आवरण) मी दोनदा पूर्ण उतरवून बदलली. पहिल्यांदा ताम्हिणी घाटात शेवाळावर घसरलो म्हणून, दुसऱ्यांदा सोसायटीत कोणाचा तरी धक्का लागून गाडी उभ्या उभ्या आडवी झाली म्हणून. करिझ्मा झेडएमआर, पल्सर आरएस २००, अपाचे आरआर ३१० असल्या गाड्यांवर बोल्टच्या जागा बदलतील, कामाची रीत तीच राहील.

हे काम घरी खरंच जमतं का?

जमतं. इंजिनाला हात लावायचा नसतो, ऑइल सांडत नाही, महागडं हत्यार लागत नाही. लागतो तो वेळ. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खा रविवार मोकळा ठेवावा आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीवर ऑफिसला जायचं ठरवू नये. प्लास्टिकचे हुक तुटतात ते बहुतेक वेळा संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर आणि घाई सुरू झाल्यावर.

मात्र धडकेत पुढचं चाक किंवा फोर्क वाकल्याची शंका असेल, हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर फेअरिंगचा विचार नंतर. आधी चांगल्या मेस्त्रीकडून चासी आणि फोर्क तपासून घ्या.

पॅनल बदलू की दुरुस्त करू?

पॅनल मागून पाहा. आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं, बहुतेक वेळा एबीएस किंवा पीपी. (या एबीएसचा ब्रेकच्या एबीएसशी काही संबंध नाही.) एबीएस असेल तर तडा घरी सांधता येतो. त्याच पॅनलचे तुटके तुकडे बारीक करून ॲसिटोनमध्ये विरघळवायचे, मधासारखा घट्ट लगदा झाला की तड्याच्या आतल्या बाजूने भरायचा आणि एक दिवस हात लावायचा नाही. हे काम उघड्या हवेत, गॅस-काडीपासून लांब करा. पीपीवर ॲसिटोन चालत नाही, त्याला प्लास्टिक वेल्डिंगच हवं.

माझा निकष सोपा आहे. तडा सपाट भागात असेल तर दुरुस्ती. बोल्ट बसतो तो कान तुटला असेल किंवा हुक मुळापासून गेला असेल तर नवीन पॅनल. सांधलेला कान हायवेवरच्या वाऱ्याच्या माऱ्यात पुन्हा तुटतो, आणि एक कान सुटला की शेजारच्या दोघांवर भार येतो.

विम्याचा क्लेम करावा का?

आकडे मांडून ठरवा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, गाडी नवी असो की जुनी. रंगाच्या सामानावरही घसारा लागतो. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर चित्र पालटतं. दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस आहे. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षाला तो २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एका साइड पॅनलसाठी तो घालवणं सहसा परवडत नाही. हेडलाइट, पुढचा काऊल (हेडलाइटभोवतीचं पॅनल) आणि स्टे (हे सगळं धरणारा आतला लोखंडी सांगाडा) असं सगळंच गेलं असेल तर क्लेम करा. तसं असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू नका आणि पडलेल्या अवस्थेतले फोटो जपून ठेवा.

पॅनल कुठून घ्यावं? कंपनीचं, जुनं की लोकल?

कंपनीचं मिळत असेल तर तेच. पार्ट नंबर चासी नंबरवरून काढून घ्या, फक्त मॉडेलच्या नावावर मागवू नका. माझ्याच गाडीचं उदाहरण घ्या: २०१८ मध्ये ती एलईडी हेडलाइट घेऊन आली, त्याआधीच्या गाड्यांत बल्ब होता. परदेशी संकेतस्थळांवर स्वस्तात दिसणारे सीबीआर ३०० आरचे पॅनल पाहून मोहात पडू नका, तिचा चेहरा दोन दिव्यांचा आणि वेगळा आहे.

जुनं पण अस्सल पॅनल ही माझी दुसरी पसंती. पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात फिरलं तर मिळून जातं. घेताना वरची चमक पाहू नका, पालथं करा. सगळे कान, सगळे हुक, सगळी भोकं शाबूत आहेत का ते मोजा. रंग नंतर देता येतो, कान परत येत नाही.

लोकल पॅनल घ्यावंच लागलं तर एक अट पाळा: रंग देण्याआधी ते गाडीवर बसवून पाहा. मी ही अट दुसऱ्या खेपेला मोडली. रंगवून आणलेलं पॅनल दोन ठिकाणी कानशीने घासावं लागलं आणि ताजा रंग कडेने उडाला.

हत्यारं कोणती लागतील?

३, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, ८, १० आणि १२ चे टी-पाने, चांगला चौकट पेचकस, प्लास्टिकची पट्टी, टॉर्च. जपानी घडणीच्या गाड्यांतल्या चौकट स्क्रूचा खाचा बाजारातल्या साध्या फिलिप्स पेचकसापेक्षा जरा वेगळा असतो. साधा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर निसटतो आणि डोकं खातो. जेआयएस (जपानी मानक) लिहिलेला एकच पेचकस वेगळा घेऊन ठेवा. शिवाय डझनभर नवे पुश-क्लिप (मधल्या पिनने अडकणाऱ्या प्लास्टिकच्या खिट्ट्या) आणि दोन-चार रबरी बूश आधीच आणून ठेवा. जुने हमखास तुटतात आणि रविवारी दुकान बंद असतं.

पॅडॉक स्टँड (गाडी सरळ उभी धरणारा स्टँड) असेल तर उत्तम. साइड स्टँडवर काम होतं, पण तिरप्या गाडीवर पॅनल डाव्या-उजव्या बाजूंना सारखं बसलंय का हे डोळ्याला नीट कळत नाही.

उघडण्याआधी काय करावं?

गाडी धुवा. घाटातली लाल माती हुकात अडकलेली असते, ती तशीच राहिली तर नव्या पॅनलला आतून घासते. गाडी आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

मग संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर साधारण ५ मीटरवर उभी करा, कुणालातरी वर बसवा, लो-बीम लावा आणि भिंतीवर उजेडाची वरची कड खडूने आखून घ्या. टायर जिथे टेकलेत तिथेही खूण करा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण विसरतात आणि मग महिनाभर समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपवत फिरतात. पडून हेडलाइटच हलला असेल तर ही खूण उपयोगी नाही, त्याचं उत्तर पुढे दिलं आहे.

पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर गाडीची बाजू ढोबळ काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. बोल्ट सगळे सारखे दिसले तरी लांबी वेगळी असते. आखूड जागी लांब बोल्ट गेला तर मागच्या वायरमध्ये किंवा रेडिएटरमध्ये घुसू शकतो. प्रत्येक पॅनल काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो घ्या, विशेषतः वायरी कुठून कुठे गेल्या आहेत त्याचे.

शेवटी सीट काढून बॅटरीची वजा बाजू सोडवा. जोडताना अधिक आधी, वजा नंतर.

कोणत्या क्रमाने उतरवायचं?

मागून पुढे आणि खालून वर. सीट, टाकीखालचे छोटे पॅनल, पोटाखालचा काऊल, मधले मोठे साइड काऊल, मग व्हायझर (पुढची वारा अडवणारी पारदर्शक काच), आरसे आणि सगळ्यात शेवटी हेडलाइटचा पुढचा काऊल. आरशांचे नट बऱ्याच गाड्यांत पुढच्या काऊलमधून थेट लोखंडी स्टेला जातात. म्हणजे आरसे हे नुसते आरसे नसून पुढच्या काऊलला धरून ठेवणारे बोल्टही आहेत. ते काढले की काऊल सैल होतो, तेव्हा दुसऱ्या माणसाने पुढून धरून ठेवायला हवं.

साइड काऊल एकदम ओढू नका. त्यावर इंडिकेटर असतो आणि त्याची वायर मागे अडकलेली असते. वीतभर बाजूला करा, आत हात घाला, कनेक्टरची खिट्टी दाबून सोडवा, मग पॅनल बाहेर घ्या. वायर धरून नाही, कनेक्टर धरून.

सगळे बोल्ट काढले तरी पॅनल निघत नाही. जोर लावू का?

नको. बोल्ट किंवा क्लिप राहिलेला असतो, नाहीतर तुम्ही ओढताय ती दिशा चुकीची असते. मला एकदा पाऊण तास लागला, आणि निघाला तो चाकाच्या बाजूने आत लपलेला एक पुश-क्लिप. टॉर्च घेऊन जमिनीवर आडवं व्हा आणि पॅनलची कड पूर्ण फिरून पाहा.

पुश-क्लिप दोन जातींचे. एकात मधली पिन बोटाने किंचित आत दाबली की क्लिप सुटतो, दुसऱ्यात मधली पिन पेचकसाने वर उचलायची असते. पहिल्या जातीत पिन फार आत ढकलली तर ती आरपार पडते. परत बसवताना पिन आधी वर काढून घ्यायची, क्लिप भोकात घालायचा आणि मग पिन दाबून सपाट करायची.

हुक आणि रबरी बूश सरळ रेषेत ओढल्यावरच सुटतात. तिरका ओढलेला हुक तुटतो. बूश अडून बसला असेल तर साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. थंडीच्या दिवसांत सकाळी प्लास्टिक कडक आणि ठिसूळ असतं, तेव्हा गाडी अर्धा तास उन्हात ठेवून मग काम सुरू करा. एवढ्यानेही फार फरक पडतो.

स्क्रूचं डोकं गेलं, आता?

योग्य मापाचा पेचकस पूर्ण वजनाने दाबून, अगदी हळू फिरवून पाहा. डोकं बाहेर असेल तर लॉकिंग पक्कड लावा. तरीही नाही निघालं तर डोकंच ड्रिलने उडवायचं: हळू वेग, मधोमध, पॅनलवर जाड टेप लावून. डोकं गेलं की पॅनल निघून येतं आणि उरलेला दांडा सहसा पकडीने फिरतो. प्लास्टिकजवळ हातोडीचा मारा करू नका.

पॅनल उतरल्यावर आत काय तपासायचं?

माझ्या मते कामाचा खरा भाग हा आहे, कारण नवीन पॅनल नीट बसत नाही ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा पॅनलची नसते. ती पुढच्या स्टेची असते.

स्टे म्हणजे हेड पाइपला (चासीची पुढची नळी, जिच्यात हँडल फिरतं) बोल्टने जोडलेला लोखंडी नळ्यांचा सांगाडा. हेडलाइट, मीटर, आरसे, व्हायझर, सगळं त्याच्यावर लटकतं. गाडी एका कुशीवर पडली की आरसा जमिनीला आधी टेकतो आणि तो धक्का स्टे घेतो. वरून काही दिसत नाही. आरशाच्या भोकापासून टाकीच्या पुढच्या बोल्टपर्यंतचं अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला टेपने मोजा. मग कर्ण मोजा, म्हणजे डावं वरचं भोक ते उजवं खालचं, आणि उलट. दोन बाजूंत ३-४ मिमीहून जास्त फरक आला तर स्टे वाकला आहे.

थोडा वाकला असेल तर गाडीवरून काढून शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून सरळ करता येतो. गाडीवरच पाइप घालून वाकवू नका, तो जोर हेड पाइपच्या जोडावर जातो. नळीला तडा असेल तर माझा सल्ला नवीन स्टेचा. वेल्डिंग करायचंच असेल तर स्टे पूर्ण सोडवून बाहेर न्या. बॅटरी आणि ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जोडलेले असताना गाडीवर वेल्डिंग करू देऊ नका, मेस्त्री काहीही म्हणाला तरी.

पहिल्या खेपेला माझी गाडी आधी एका गॅरेजमध्ये गेली होती. तिथे नवा काऊल वाकड्या स्टेवर ओढूनताणून बसवला. दिसायला ठीक होता. तीन महिन्यांनी दोन्ही वरचे कान तुटले, तेव्हा मी स्वतः उघडून मोजलं: डावी बाजू ९ मिमी मागे. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो.

स्टे झाल्यावर रेडिएटर. पाती आडवी झाली असतील तर बारीक पट्टीने हळू सरळ करा, होजच्या जोडांवर हिरवट किंवा पांढरट डाग म्हणजे कूलंट गळतंय. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. मग वायरी. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात आणि फेअरिंगमुळे ते बाहेरून कळत नाही. गंज दिसला तर घासून प्राइमर मारा, एवढं उघडलेलं पुन्हा लवकर मिळणार नाही.

भोकं जुळत नाहीत. मोठी करू का?

आधी सगळे बोल्ट फक्त तीन-चार आटे फिरवून सैल लावा. एकही घट्ट करू नका. मग हुक बसलेत का पाहा, पॅनल हाताने थोपटून जागेवर आणा आणि वरून खाली घट्ट करत जा. पहिलाच बोल्ट आवळला तर पुढची तीन भोकं कधीच जुळत नाहीत.

तरीही २ मिमीचा फरक राहिला आणि पॅनल लोकल असेल, तर गोल कानशीने पॅनलचं भोक लांबट करा. चासी किंवा स्टेवरचं भोक मात्र कधीही मोठं करायचं नाही. फायबरचं पॅनल घासताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट.

बोल्ट किती आवळायचे?

६ मिमीचा बोल्ट धातूवर धातू आवळताना साधारण १० न्यूटन-मीटर घेतो. प्लास्टिक मध्ये असेल तर एवढा जोर पॅनल फोडतो. म्हणूनच कंपनी भोकात रबर आणि त्यात लोखंडी कॉलर देते. बोल्ट कॉलरला आवळतो, प्लास्टिक रबरात तरंगत राहतं. जुन्या पॅनलमधून हे कॉलर आणि रबर काढून नव्यात घालायला विसरलात तर तो बोल्ट कितीही आवळा, एकतर खडखडेल किंवा तडा देईल. टाकून देण्याआधी जुनं पॅनल पालथं करून प्रत्येक भोक तपासा. यू-क्लिपही (पॅनलच्या कडेवर बसणारे, आटे असलेले पत्र्याचे चिमटे) त्यातच राहिलेले असतात.

ॲलन की उलटी धरा, म्हणजे लांब टोक भोकात आणि आखूड टोक बोटांत. त्या धरण्याने जेवढा आवळला जाईल तेवढं पुरे.

बोल्ट सुटू नये म्हणून लॉकटाइट लावू का?

प्लास्टिकजवळ अजिबात नाही. आटे पकडून ठेवणारं हे द्रव एबीएस आणि पॉलीकार्बोनेटला आतून चिरा पाडतं. त्या लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या उमटतात. स्टेच्या धातूवर धातू बोल्टला लावायला हरकत नाही. फेअरिंगच्या बोल्टला रबरी वायसर पुरेसा असतो.

व्हायझर पेट्रोलने किंवा अमोनियाच्या काचेच्या क्लीनरने पुसू नका, ॲक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेट दोन्ही धुरकट होतात. साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

उंच टूरिंग व्हायझर त्याच वेळी बसवावा का?

हो, बोल्ट उघडलेच आहेत. पण उंची बेताची ठेवा. बसल्यावर तुमची नजर व्हायझरच्या वरून जायला हवी, आरपार नाही. वरची कड नाक-हनुवटीच्या रेषेत आली की पुरे. कोकणातल्या पावसात रात्री, समोरून ट्रकचे दिवे येत असताना, ओल्या व्हायझरमधून रस्ता दिसत नाही.

हेडलाइट पुन्हा कसा जुळवायचा?

खडूची खूण असेल तर गाडी त्याच खुणांवर उभी करा, त्याच माणसाला बसवा, ॲडजस्टर स्क्रू फिरवून कड जुळवा. खूण नसेल तर जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढीच रेघ मारा. ५ मीटरवरून लो-बीमची वरची कड त्या रेघेच्या थोडी खालीच राहिली पाहिजे, वर कधीही नाही. सामान लादून निघणार असाल तर सामान लादूनच जुळवा, कारण मागचं शॉकअप दबलं की उजेड वर उचलला जातो.

नवीन पॅनलचा रंग बदलला तर चालेल का?

गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. आरसीतल्या नोंदीशी गाडी न जुळणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतं. लाल गाडी पूर्ण काळी करायची असेल तर आरटीओत नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. मूळ रंगातच करत असाल तर प्रश्न नाही. पेंटरला आधी प्लास्टिक प्राइमर मारायला सांगा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. पॅनल लोखंडी टाकीबरोबर एकाच भट्टीत घालू देऊ नका, एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

सगळं बसवल्यावर लगेच टूरला निघू का?

नाही. आधी उभ्या गाडीवर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. केबल किंवा वायर कुठे ताणली जाते का, लिव्हर किंवा बोटं काऊलला घासतात का, ते पाहा. इंजिन चालू करून पुन्हा फिरवा. हँडल वळवल्यावर इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची केबल चुकीच्या वाटेने गेली आहे. गाडी तशीच रस्त्यावर नेऊ नका, उघडा आणि फोटो पाहून वाट दुरुस्त करा. दोन्ही इंडिकेटर, हॉर्न, पार्किंग लाइट तपासा. रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

मग शहरातच १० किलोमीटर. ठरावीक आरपीएमला कुठेतरी भुणभुण आली तर एकेका पॅनलवर तळहात दाबून पाहा. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो तिथलं रबर राहिलं आहे. पुढे हायवेवर ८० पर्यंत. १०० किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा त्याच उलट्या ॲलन कीने तपासा, दोन-तीन किंचित सैल झालेले सापडतातच.

उतरवलेले जुने पॅनल टाकून देऊ का?

निदान एक तुटका एबीएसचा तुकडा ठेवा, पुढच्या तड्याच्या लगद्याला तोच लागेल आणि रंगही जुळेल. कॉलर, यू-क्लिप, रबर एका डबीत वेगळे काढून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. उरलेलं पॅनल शाबूत कानांचं असेल तर जुन्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. माझ्या डाव्या बाजूचा काऊल मला असाच मिळाला.